चटक्यासारखा

गल्ली तिला निखारा म्हणायची. तोंडावर मावशी, पाठीमागे निखारा. तिचं इस्त्रीचं दुकान होतं म्हणून नव्हे. इस्त्रीवाले आणखीही होते, त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं. हिची जीभच तशी होती. कुणी सदरा टाकायला आलं आणि "जरा लवकर द्या" म्हणालं, की ही इस्त्री बाजूला टेकवून वर बघायची. "एवढी घाई होती तर चुरगळला कशाला?" पण सदरा मिळायचा लवकरच, आणि घडी अशी की अंगात घालावा की पेटीत ठेवावा असा प्रश्न पडावा.

दुकान म्हणजे एक खोली. पुढे टेबल, टेबलावर जुनं घोंगडं, घोंगड्यावर जाड चादर. मागे चूल, अंथरूण, पेटी. खोलीला मागचं दार, आणि दाराबाहेर कुणाचा तरी ओसाड पडलेला जमिनीचा तुकडा. तिथं तिनं दोऱ्या बांधल्या होत्या, कारण धुणंही घ्यायची. दोरी पुरली नाही की चादरी झुडपांवर, झुडपं पुरली नाहीत की गवतावर. इस्त्री मुळात नवऱ्याची. नवरा गेला, इस्त्री राहिली. पोटी मूलबाळ नाही. कुणी त्यावर हळहळायला लागलं तर म्हणायची, "इस्त्रीला तरी कुठं आहे?" आणि पुढचा सदरा ओढायची.

इस्त्री कोळशाची. सकाळी मागच्या दारात बसून ती कोळसे फुलवायची. पंखा फाटला होता तेव्हापासून तोंडानंच. ओठ पुढे काढून अशी लांब, धीमी फुंकर घालायची की राख उडून जावी आणि लाली तेवढी वर यावी. अर्थात ठिणग्या उडायच्याच. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुने चटके होते, आणि त्यातल्या प्रत्येक चटक्याला तिनं मारलेली "आई गं!" गल्लीनं ऐकलेली होती.

चटक्याच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती. एकदा एक मास्तर म्हणाले, "मावशी, या पँटला चटक्यासारखं काहीतरी दिसतंय." ही उसळली. "चटक्यासारखं म्हणजे काय? कापड एक तर जळतं, नाही तर जळत नाही. हा चहाचा डाग आहे, घरी विचारा." तिच्या धंद्यात 'सारखं' हा शब्दच नव्हता.

अशा बाईच्या पदरात गुंडी पडली.

गुंडी म्हणजे धाकट्या बहिणीची पोर. नाव चांगलं ऐटदार ठेवलेलं, पण रांगायच्या वयात टेबलाखाली पडलेली शर्टाची गुंडी तिनं गिळली आणि ते नाव कायमचं चिकटलं. तिच्या बापाचा पत्ता नव्हता, आणि तो शोधायची घाई कुणालाच नव्हती. धाकटीला लांबच्या शहरात काम लागलं: एका मोठ्या घरात राहायचं आणि त्यांची दोन मुलं सांभाळायची. दुसऱ्यांची सांभाळायला जायचं म्हणून स्वतःची ठेवून जायची. निघताना ती दारात थांबली.

"ताई, एकच सांगते. कोळशाजवळ जाऊ देऊ नकोस तिला. तुझे हात बघतेय ना मी."

"हात काय बघतेस, घड्या बघ."

"चेष्टा नाही करत मी. तिच्या अंगावर एक चटका जरी दिसला ना, तर घेऊन जाईन. मग तिकडं आम्हाला ठेवून घेवोत की हाकलून देवोत."

निखारानं पुढचा सदरा ओढला आणि उलट्या बाजूनं दाबायला लागली.

पोर लळा लावणारी होती. दुपारी टेबलाखाली झोपायची, वर इस्त्री फिरायची, आणि खालून बारीक घोरणं यायचं. एकदा अशीच झोपेत कूस बदलताना तिनं निखाराच्या पायाला मिठी मारली आणि म्हणाली, "आई." निखारानं तिला गदागदा हलवून जागं केलं. "मी मावशी. आई फोनमध्ये आहे." पोर डोळे चोळत पुन्हा झोपली. त्या दुपारी मात्र निखारानं एकच उशीचा अभ्रा किती वेळ दाबला कुणास ठाऊक. शेवटी समोरचा शिंपी ओरडला, "अहो, कापूस शिजायला लागला!"

गुंडीचा खेळही ठरलेला. मागे गवतावर, झुडपांवर चादरी पडल्या की ती एखाद्या पांढऱ्या चादरीखाली सरपटत शिरायची. ते आईचं घर. कपड्यांचे लाकडी चिमटे म्हणजे घरातली माणसं.

"मावशी, दार वाजव."

"कापडाला कुठलं आलंय दार?"

"वाजव ना!"

"बरं. टकटक."

आतून मोठ्या बाईचा आवाज यायचा, "आई घरी नाही. कामावर गेलीय. नंतर या."

निखारा ओल्या कपड्यांचा पिळा खांद्यावर घेऊन बाहेर तशीच उभी. एरवी गिऱ्हाइकाला उभं ठेवणारी बाई, पण इथं नंतर यायची.

एका सकाळी अंघोळ घालताना तिला गुंडीच्या कमरेला, जिथं चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ उठतो तिथंच, जरा पाठीच्या बाजूला, डाळीच्या दाण्याएवढा डाग दिसला. मधे काळा, सुकलेला. भोवती लाल कडं. निखाराच्या हातातला तांब्या तसाच राहिला. गेल्या आठवड्यात वारं सुटलं होतं. कोळसे फुलवताना ठिणग्या दारभर उडाल्या होत्या आणि ही पोर मागेच कुठंतरी बागडत होती. झालं. ठिणगी चड्डीत शिरली.

"हे कधी झालं गं?"

"काय?"

"हे." तिनं बोट टेकवलं. "दुखतंय?"

"गुदगुल्या होतात," गुंडी हसली.

इथंच तिला कळायला हवं होतं. सगळ्या गल्लीत चटका ओळखणारी तीच. पण भ्यालेलं माणूस तपासत बसत नाही, झाकतं. तिनं मलम लावलं, वर चिकटपट्टी मारली आणि बजावलं, "कुणाला दाखवायचं नाही. आईला फोनवर सांगायचं नाही."

"का?"

"आई रडेल."

गुंडीनं विचार केला. "मग सांगू या ना. रडली की येईल."

दोन-तीन दिवसांत पोरीला ताप भरला. जवळच्या डॉक्टरनं घसा बघितला, बाटली दिली. ताप बाटलीला जुमानेना. डोकं दुखतं म्हणून पोर डोळे उघडेना, खाल्लेलं उलटायला लागली. मग निखारानं दुकानाला कुलूप घातलं आणि तिला उचलून मुलांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई उंच, आवाज घोगरा, आणि छाती तपासायच्या नळीला एक कापडी बेडूक बांधलेला. "हा बेडूक पोटातलं ऐकतो," त्या गुंडीला म्हणाल्या. "तुझ्या पोटात काय आहे, सांगू दे त्याला."

"गुंडी आहे," पोर पुटपुटली.

डॉक्टरबाईंनी पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, काखा चाचपल्या. मग निखाराकडे वळल्या. "घराजवळ गवत, झुडपं आहेत?"

"गवत कुठं नसतं?"

"आणि अंगावर कुठं काळा डाग? चटक्यासारखा?"

पुढचं 'सारखा' निखाराच्या कानापर्यंत पोचलंच नाही. तिला ऐकू आला तो चटका. "नाही हो! चटका-बिटका काही नाही. कोळशाजवळ मी फिरकूही देत नाही तिला!"

डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "कोळशाचं मी कुठं विचारलं?"

निखारानं पोरीचा फ्रॉक खाली ओढला. डॉक्टरबाई केसांत बघत होत्या, कानांमागे बघत होत्या. कमरेची पट्टी दिसली. "हे काय?"

"नाडी काचली. मलम लावून झाकलंय."

"काढून बघू," म्हणून त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं. तिथल्या मुलाला झटके आले होते. डॉक्टरबाई धावल्या. पट्टी राहिली.

रक्त तपासायला गेलं. हिवतापाचं नाही, डेंग्यूचं नाही. टायफॉइडची चाचणी धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. मग सलाईनमधून त्याचंच औषध चालू झालं. आणखी एक चाचणी बाहेर पाठवली होती, तिला वेळ लागणार होता. निखारा कॉटच्या लोखंडी पायाशी बसून राहिली. फोन वाजला.

"ताई, काय म्हणतात?"

"ताप म्हणतात. शोधतायत."

"भाजलं-बिजलं नाही ना कुठं?"

"नाही गं बाई."

"मी रजा मागितलीय. मिळाली की निघतेच."

फोन ठेवल्यावर निखाराला वाटलं, आत्ता उठावं, पट्टी काढून दाखवावी. मग वाटलं, चटक्यानं काही ताप येत नाही. तापाचं औषध तर चालूच आहे. पोर बरी होईल, पट्टीखालचं वाळून जाईल, खपली पडेल आणि आपण दोघी घरी जाऊ. मागच्या दारात चादरी पडतील, ही म्हणेल दार वाजव. एवढंच तर हवं होतं तिला. कुणाचं काही हिसकावून घ्यायचं नव्हतं. जे तात्पुरतं मिळालंय ते आणखी थोडं तात्पुरतं राहावं, बस.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरीचं तोंड सुजलं. डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या. पोट फुगलं, श्वास भराभर चालायला लागला, आणि ती गुंगीत बडबडायला लागली. "आई गं. आई गं."

आता याचं काय करायचं? दुखलं की सगळेच म्हणतात. सत्तरीचा म्हातारा ठेचकाळला तरी तेच म्हणतो, त्याची आई जाऊन जमाना झालेला असतो. मग ही दुखतंय म्हणून म्हणते, की फोनमधलीला बोलावते, की... निखारानं इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या कॉटवरची बाई डुलक्या घेत होती. मग खाली वाकून, कुणाचं तरी चोरल्यासारखं, ती हळूच म्हणाली, "ओ."

पोर जरा शांत झाल्यासारखी वाटली. किंवा दमली असेल.

डॉक्टरबाई आल्या. या वेळी बेडूक बोलला नाही. त्यांनी पोट दाबलं, मग जांघेत बोटं घातली आणि तिथंच थांबल्या. "ही गाठ बघा किती वाढलीय. अशी गाठ उगाच नाही येत. जवळपास कुठंतरी दार असतं, जिथून रोग आत शिरतो." मग सावकाश म्हणाल्या, "नाडी काचली म्हणालात ना? हिच्या चड्डीला नाडी कुठाय? इलॅस्टिक आहे."

त्यांचा हात पट्टीकडे गेला. निखारानं तो मनगटाला धरला.

"थांबा. मीच लावलीय, मीच काढते." पट्टी एका ओढीत निघाली. पोर कळवळली, "आई गं!" निखारा डॉक्टरबाईंकडे न बघता बोलत सुटली. "चटका आहे. माझ्या इस्त्रीची ठिणगी. हिची आई मला एकच गोष्ट सांगून गेली होती, तेवढीही मला जमली नाही. तिला काय सांगायचं ते सांगा, घेऊन जाऊ दे तिला. पण हिला उठवा आधी."

डॉक्टरबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या वाकल्या होत्या. त्यांनी काळ्या खपलीच्या कडेला बोट दाबलं. पोर गप्प. पुन्हा दाबलं, जरा जोरात. पोर गप्पच.

"मावशी, तुमच्या हातावर एवढे चटके आहेत. दुखले होते?"

"म्हणजे काय! गल्ली गोळा व्हायची."

"मग ही का नाही ओरडत? सुई टोचली, आई गं. पट्टी ओढली, आई गं. आणि यावर मी दाबतेय तर हूं की चूं नाही. हा चटका नाही. चटक्यासारखा आहे."

"सारखा?"

"सारखाच म्हणाले होते मी. पहिल्या दिवशी." त्या उभ्या राहिल्या. "सिस्टर, डॉक्सीचं इंजेक्शन काढा. आता रिपोर्टची वाट बघायची नाही. स्क्रब टायफस आहे हा."

औषध गेल्यावर त्यांनी सांगितलं. गवतात, झुडपांत एक किडा असतो, गोचिडीच्या नात्यातला, पण त्याचं पिल्लू एवढं बारीक की डोळ्यांना दिसू नये. चावल्याचं कळत नाही. अंगावर चढतं आणि जिथं कपडा घट्ट बसतो, कातडीला घडी पडते, तिथं ठाण मांडतं: कंबर, काख, जांघ, कानामागे. म्हणून त्या जागा शोधायच्या असतात. कधी डाग सापडतो, कधी नसतोच. सापडला तर अर्धं काम झालं. साधंच औषध, वेळेवर गेलं तर ताप एक-दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसात जातो, मेंदूत जातो.

"टायफस म्हणजे टायफॉइडच ना?"

"नावानं भावंडं वाटतात, पण सख्खी नव्हेत. गवतात कुठं बसते ही?"

निखाराच्या डोळ्यांपुढे पांढरी चादर आली. आई घरी नाही, नंतर या. "चादरीखाली. मीच टाकते गवतावर." तिला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. "म्हणजे इस्त्री सुटली आणि धुणं अडकलं."

"कुणी अडकलं नाही. किडा काय, कुणालाही चावतो. झाकायला नको होतं, एवढंच."

डॉक्टरबाई पुढच्या कॉटकडे गेल्या. आवाज चढवला नाही की काही नाही. निखाराला आयुष्यभरात इतकं थंडपणे कुणी भाजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. त्याच्या पुढच्या सकाळी गुंडीनं डोळे किलकिले करून विचारलं, "बेडूक कुठाय?" आणि त्याच दुपारी धाकटी येऊन थडकली. केस विस्कटलेले, खांद्याला पिशवी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. गुंडीनं तिच्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "तू फोनमधे बारीक दिसतेस."

पोर झोपल्यावर निखारानं सगळं सांगितलं. डाग, पट्टी, नाडी, सगळं.

"म्हणजे चटका नव्हता."

"नव्हता."

"पण तुला वाटलं होता."

"हो."

"आणि तू लपवलास."

"हो."

"का?"

"तू नेशील म्हणून."

धाकटी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "तिकडची दोघं आजारी पडली की उशाशी मी बसते, ताई. पाण्याच्या पट्ट्या ठेवते. मालकीणबाई म्हणतात, तुझ्या हाताला गुण आहे. आणि माझीच्या उशाशी तू. तुझ्यावर रागावू कुठल्या तोंडानं?" मग म्हणाली, "बाईंशी बोलून आलेय. स्वयंपाकघराला लागून सामानाची खोली आहे, ती रिकामी करून देतायत. मला आता राहवत नाही. रागानं नेत नाहीये मी."

"रागानं नेलं असतंस तर बरं झालं असतं," निखारा म्हणाली. "भांडता तरी आलं असतं."

गुंडीला घरी सोडायच्या आदल्या दिवशी निखारानं विळा घेऊन मागचं सगळं गवत कापलं. झुडपं मुळापासून उपटली. दोऱ्या उंच केल्या, एक नवी बांधली. समोरचा शिंपी म्हणाला, "पोर तर चाललीय. आता कुणासाठी?"

"गिऱ्हाइकांसाठी. तुम्हाला काय, तुम्ही सुया मोजा."

घरी आल्या आल्या गुंडी मागच्या दारात गेली आणि थांबली. "माझं घर?"

"वर गेलं," निखारा दोरीकडे बोट करून म्हणाली. "आता ते उंच लोकांचं आहे."

कमरेची खपली पडून गेली होती. खाली फिकट, गुळगुळीत ठिपका राहिला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, तोही जाईल.

बसला गर्दी होती. धाकटीनं खिडकीची जागा धरली, पोरीला मांडीवर घेतलं. निखारा खाली उभी. कपड्यांचं गाठोडं तिनं स्वतः बांधलं होतं. प्रत्येक फ्रॉक, प्रत्येक चड्डी कडक इस्त्री करून.

"चड्ड्यांना कुणी इस्त्री करतं का गं?" धाकटी म्हणाली.

"करतात. ज्यांना येते ते."

कंडक्टरनं घंटी मारली. गुंडी खिडकीची काच पुढेमागे सरकवत होती. काच खटकन पुढे आली आणि बोट फटीत सापडलं.

"आई गं!"

"काय झालं?" आतून धाकटी.

"काय झालं?" खालून निखारा.

एकाच दमात. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. गुंडीनं मान वळवून आईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. कुणाला हाक मारली ते तिला ठाऊक असेल तर तिनं सांगितलं नाही. बोट मात्र खिडकीतून बाहेर काढून तिनं निखारापुढे धरलं.

निखारानं टाचा उंचावल्या, ते बोट दोन बोटांत धरलं आणि ओठ पुढे काढून फुंकर घालायला लागली. लांब, धीमी. राख उडावी, पण ठिणगी उडू नये अशी.

"बरं वाटतंय?"

"अजून."

बस हलली. बोट सुटलं, आत गेलं. बस कोपऱ्यावर वळेपर्यंत निखारा तशीच टाचा उंचावून उभी होती, ओठ पुढे, फुंकर घातल्यासारखे.